उघड्या पाठीचा हेडफोन

राळेच्या धुराला गोडसर, किंचित देवळासारखा वास असतो, हे मला महाडच्या युसुफभाईंच्या दुकानात उमगलं. एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं ते अरुंद दुकान; भिंतीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर पुराची रेघ, दोनदा रंग देऊनही पुन्हा उमटून आलेली, आणि त्या रेघेखाली उघडून ठेवलेली, चिखलाचा पापुद्रा अजून न सुटलेली यंत्रं. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं. तारा जोडायच्या तापल्या सळईचं टोक राळेला टेकलं की निळसर धुराची एक रेषा उठे, उन्हात क्षणभर थबके आणि काहीतरी आठवल्यासारखी वर निघून जाई. मी स्टुलावर बसले आणि पोलादपूरहून निघाल्यापासून मनात घोळवत आणलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

“मला असा हेडफोन हवाय, की तो कानावर असताना कुणी हाक मारली तर ती ऐकू येईल.”

युसुफभाईंनी सळई बाजूला ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, लोक उलटं मागतात.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हणाले.

ही उलटी मागणी माझ्याकडे कशी आली, ते सांगायचं तर आधीच्या आषाढाकडे वळायला हवं. तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत मराठी शिकवत असे. यांची नोकरी मुंबईत आणि माझी इथे, अशी आमच्या संसाराची दोन टोकं. हे महिन्यातून दोनदा येत, उरलेले दिवस मी आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या, डोंगराच्या पोटाशी बिलगलेल्या सात घरांच्या वाडीत एकटी राहत असे. एकटी हा शब्द तसा नावापुरता. कारण माझ्या घराच्या वरच्या अंगाला तानूआत्याचं घर होतं. तानूआत्या नात्याने माझी कुणी नव्हे. साठी ओलांडलेली, एका गुडघ्याने अधू, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा मुंबईला. पाच गुरं आणि उतारावरची नाचणी एवढ्यावर तिचा दिवस उगवे आणि मावळे. पण तिचा आवाज! संध्याकाळी ती गुरांना साद घाली तेव्हा ती साद समोरच्या डोंगराला लागून परत येई, आणि रानात विखुरलेली जनावरं एकेक करून ऐनाच्या झाडांमधून खाली उतरू लागत. सुराचं शिक्षण घेतलेल्या माझ्यासारखीला त्या आवाजाचा हेवा वाटावा, असा तो निर्मळ, मोकळा, कुठेही न अडणारा आवाज होता.

सुराचं शिक्षण मी महाडला घेतलं. बालपणापासून थेट लग्न होईपर्यंत मी माझ्या गुरुबाईंसमोर बसले. त्या मैफली गाजवणाऱ्या गायिका नव्हत्या. दारावर पाटीही नसलेल्या दोन खोल्यांत त्या आम्हा पाचसहा मुलींना शिकवत, आणि षड्ज लागेपर्यंत पुढचा सूर देत नसत. त्या गेल्या तेव्हा त्यांची अशी एकच गोष्ट माझ्यापाशी उरली, ती म्हणजे त्यांनी शिकवताना मी भरून घेतलेली मुलतानी रागाची एक कॅसेट. साध्या टेपरेकॉर्डरवर, खोलीच्या कोपऱ्यातून भरलेली. त्यांचा आवाज त्यात लांबून येतो. तंबोऱ्याचा झंकार, मध्येच भांड्याचा आवाज, गल्लीतून गेलेली सायकलची घंटी, आणि या साऱ्याच्या तळाशी, दिवा धरून शोधावा तसा शोधावा लागणारा त्यांचा मंद्र सप्तकातला निषाद. टेपवर मोठ्याने लावली तर नुसती खरखर ऐकू येई. ती ऐकायची तर कानाशीच घ्यावी लागे. म्हणून यांनी मुंबईहून एक हेडफोन आणून दिला होता. जाड गाद्यांचा, कानावर बसला की जगाचं दार लावून घेणारा. मला तो फार प्रिय होता. खोटं कशाला बोलू, ते दार लागणंच मला प्रिय होतं.

त्या आषाढात सावित्रीच्या खोऱ्यात जे घडलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी फक्त आमच्या वाडीचं सांगते. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. शाळा बंद होती, वीज गेलेली, आणि भर दुपारी घरात दिवेलागणीसारखा अंधार दाटला होता. कौलांवरच्या त्या अखंड माऱ्याला मी विटले होते. कमरेला वॉकमन अडकवला, हेडफोन कानावर चढवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. पाऊस एकदम कुणीतरी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला, आणि गुरुबाई गाऊ लागल्या.

वर तानूआत्या गोठ्यात होती. गुरं दावी ताणून ओरडत होती, आणि दोन दिवस फेसाळत धावणारा वाडीशेजारचा वहाळ अचानक बारीक झाला होता. एवढ्या पावसात पाणी आटतं, म्हणजे वर डोंगरात कुठेतरी ते तुंबलंय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने चार जनावरांची दावी सोडली आणि अंगणाच्या कडेला येऊन वाडीला हाक घातली. तिचं सोडून पाच घरं त्या हाकेसरशी बाहेर पडली, पोराबाळांसकट माळावर धावली. सातवं घर बाहेर आलं नाही. सातव्या घरात मी मुलतानी ऐकत होते.

ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, आणि मग पाचवं जनावर बांधलेलं ठेवून, त्या निसरड्या उतारावरून, तो अधू गुडघा घेऊन खाली आली. मला कळलं ते एवढंच, की कुणीतरी माझ्या डोक्यावरून हेडफोन ओरबाडला आणि पावसाचा, माणसांचा, डोंगराच्या आतून येणाऱ्या गुरगुरीचा प्रचंड लोंढा एकाच क्षणी कानांत घुसला. तिने माझा दंड धरला होता. आम्ही माळावर पोहोचलो तेव्हा मागे डोंगराचा एक तुकडा, उभ्या झाडांसकट, सावकाश, अगदी सावकाश खाली सरकत होता. माणूस एकही गेलं नाही. माझ्या घराची मागची बाजू गेली, तानूआत्याचा गोठा गेला, आणि गोठ्यात दाव्याला बांधलेली तिची गाभण तांबडी गाय गेली.

तानूआत्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. “जनावर गेलं, मानूस ऱ्हायलं,” एवढंच ती म्हणाली, आणि मग कित्येक दिवस त्या विषयावर गप्प राहिली. ती ओरडली असती, रडली असती, तर मला सोसणं सोपं गेलं असतं.

पुढे वाडी उठली. तानूआत्याला हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खोली मिळाली. तिथून हाकेच्या अंतरावर मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दिवस सुरळीत झाले, पण माझे कान मिटेनात. न्हाल्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळायचा तर तो कानांच्या मागे घ्यावा लागे. थंडीत कानांवरून पदर घेतला की छातीत धडधड सुरू होई. वर्गात मुलं एका सुरात कविता म्हणत असताना मी खिडकीशी जाऊन उभी राही, त्या सुराच्या पलीकडे काही आहे का ते ऐकत. वॉकमन माझ्या कमरेला होता म्हणून कॅसेट वाचली होती. ती मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिली. हे म्हणाले, “आता सोडून दे ते गाणं. जीव वाचला हेच खूप.” यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी, यांनी ते वाक्य उच्चारलं त्या क्षणी, माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. डोंगराने स्वयंपाकघर नेलं, भिंत नेली, एका मुक्या जिवाला नेलं. त्याच्यामागून गुरुबाईंनाही मी आपल्या हाताने ढकलून द्यायचं? मी ते करणार नव्हते. कान उघडे ठेवून ऐकण्याची काहीतरी वाट असेलच, आणि असेल तर ती मी शोधणार होते.

म्हणून मी युसुफभाईंसमोर बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर ते उठले आणि वरच्या फळीवरून एक मोडका हेडफोन काढून माझ्या हातात दिला. त्याच्या वाटीला पाठच नव्हती. पाठीच्या जागी पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी होती.

“याला ओपन बॅक म्हणतात. पाठ उघडी. तुमचा होता त्याची पाठ बंद, म्हणून आतलं आत, बाहेरचं बाहेर. यात तसं नाही. हवा खेळते. गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटत नाही, समोरच्या खोलीत चाललंय असं वाटतं.” त्यांनी जाळीवर बोट टेकवलं. “पण खर्ज थोडा सुटतो. उघड्या पाठीतून निघून जातो. त्याची तयारी ठेवा.”

“असा इथे मिळेल?”

“महाडात कोण घेणार? मुंबईला जा. आणि बाई, दुकानदाराचं ऐकू नका. आपली कॅसेट, आपला वॉकमन न्या. आणि पाठीमागे कुणालातरी उभं करा हाक मारायला.”

कुणाला उभं करायचं, हा प्रश्न मला क्षणभरही पडला नाही. माघात तानूआत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला झालं होतं, आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायला जायचं होतं. तिच्या मुलाला रजा मिळेना, तेव्हा मी तिला घेऊन निघाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काळा चष्मा घातलेल्या तिला मी म्हटलं, “आत्या, माझं एक काम आहे. तुला ओरडायचंय.”

“कुनावर गो?”

“माझ्यावर.”

विजेच्या वस्तूंची दुकानं एका रांगेत असलेल्या रस्त्यावर आम्ही तिसऱ्या दुकानात थांबलो. मालक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी उत्साहाने एक जाड गाद्यांचा, चकचकीत हेडफोन काढला. “मॅडम, हा घ्या. बाहेर बॉम्ब पडला तरी ऐकू येणार नाही.”

“तोच नको आहे,” मी म्हटलं. “मला पाठ उघडी असलेला दाखवा.”

“पण एकदा लावून तर पाहा. मग फरक कळेल.”

मला नको होतं, तरी मी तो लावला. फरक कळायला हवा, हे त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ज्याला भ्यायचं त्याच्याकडे पाठ करून कसं चालेल, असंही मनात आलं. कॅसेट फिरू लागली. कितीतरी महिन्यांनी गुरुबाईंनी षड्ज लावला. रस्ता, दुकान, पंखा, सारं विरघळून गेलं, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी तशीच वळले. समोर चार हातांवर तानूआत्या उभी होती. तिचं तोंड उघडलेलं होतं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, हात वर गेला होता. ती हाक मारत होती, आणि तिच्या त्या उघड्या मुखातून काहीही, काहीही येत नव्हतं. त्या दुपारी अंगणाच्या कडेला ती अशी दिसली असेल. मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते तेव्हा वर, पावसात, ती अशी उभी होती. मी हेडफोन ओढून काढला, आणि मालकांनी पुढे होऊन तो सावरला.

“ऐकू आला?” तानूआत्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “आत्या, तेव्हाही नव्हतं आलं गं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. काळ्या चष्म्यामागचे डोळे मला दिसले नाहीत. मग ती मालकांकडे वळून म्हणाली, “दुसरा काढा वो. हा बहिरा हाय.”

मालक आता विकण्याच्या घाईत उरले नव्हते. ते शिडीवर चढले आणि धूळ बसलेली दोन खोकी घेऊन उतरले. पहिल्याची पाठ अर्धी उघडी होती. तो लावला आणि मी चकित झाले. गुरुबाई माझ्यासमोर, दोन हातांवर बसल्या होत्या; तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणांहून येत होत्या आणि तो मंद्र निषाद, ज्याच्यासाठी मी आजवर श्वास रोखून बसत असे, तो भरल्या घागरीसारखा, सारं वजन घेऊन आला. मागून तानूआत्याची हाक आली. आली, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी. ऐकू आली असं म्हणता आलं असतं. मालक म्हणाले, “हाच घ्या, मॅडम. इतका गोड आवाज दुसऱ्यात नाही.” आणि ते खरं होतं.

मग मी शेवटचा लावला. वजनाला हलका, मखमली गाद्यांचा, दोन्ही पाठींना नुसती जाळी. गुरुबाई थोड्या लांब गेल्या. खर्ज विरळ झाला, निषाद पुन्हा चाचपडून शोधावा लागला, पण त्यांच्या भोवती हवा होती, त्यांची खोली होती, आणि त्या खोलीत, जणू तिथलंच कुणी हाक मारावी तशी, पाठीमागून साधी, संथ हाक आली, “गो बाय.” ओरडून नव्हे. अंगणात भेटल्यावर म्हणते तशी. आणि मग, माझी मान हलली नाही म्हणून, तानूआत्याने ती गुरांना घालायची साद घातली. त्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, ती साद मुलतानीच्या कोमल गांधारावरून सरळ, काहीही न मोडता, निघून गेली. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. बाहेर फुटपाथवर एक माणूस थांबला.

“हा द्या,” मी म्हटलं.

“खर्ज कमी आहे यात, मॅडम. त्या दुसऱ्यात...”

“माहीत आहे. हा द्या.”

मला आजही वाटतं, की आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी इतक्या निःशंकपणे निवडल्या. काय मिळणार आणि काय सुटणार, दोन्ही कानांनी ऐकून निवडण्याची संधी माणसाला सहसा मिळत नाही. त्या मंद्र निषादाचं भरलेपण मी त्या काउंटरवर ठेवून आले, आणि एसटीच्या खिडकीशी बसून, मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरून, पेणपर्यंत मला त्याची हुरहुर लागली होती. पेणनंतर ती कमी झाली. शेजारी तानूआत्या माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.

उन्हाळाभर मी ऐकलं. गुरुबाईंच्या कॅसेटमधली घंटी आणि आमच्या दारावरून गेलेली घंटी यांतली कुठली कुठली, हे कधीकधी मला कळेनासं होई आणि त्याची गंमत वाटे. पण खरी परीक्षा पुढच्या आषाढात होती. एके दिवशी पावसाचा जोर पाहून शाळा लवकर सुटली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, ओल्या गवताचा आणि रॉकेलचा वास घरात भरून राहिला होता. मी मुद्दाम हेडफोन घेतला. आज नाही तर कधीच नाही, असं स्वतःला बजावून तो कानावर ठेवला, आणि पाऊस हटला नाही. तो गाण्यात आला, बसला, आणि गाणं त्याच्यातून वाट काढत राहिलं. मी मात्र गाणं ऐकतच नव्हते. माझं सारं लक्ष पावसाच्या पलीकडे, डोंगराकडे लागलेलं होतं. जाळीने कान उघडे ठेवले होते, पण भीतीला ती जाळी काय करणार?

तेवढ्यात तानूआत्या आली. डोक्यावरची खोळ दारात झटकली, उंबऱ्याशी बसली आणि कान टवकारून म्हणाली, “कोन गातं गो तुझ्यापाशी? बारीक बारीक येतंय.” उघड्या पाठीतून गाणं बाहेरही झिरपत होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोहोचलं होतं. मी तिला उठवून आत माझ्या जागी बसवलं, हेडफोन काढला आणि तिच्या पांढऱ्या केसांवर, बेताने, चढवला. ती आधी बिचकली. मग डोळे मिटून घेतले.

मी तिच्या जागी उंबऱ्याशी जाऊन बसले. आता ऐकण्याची पाळी माझी होती. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, सागाच्या पानांवरचा वेगळा, हायवेच्या डांबरावरचा त्याहून वेगळा, आणि दूर, सगळ्यांच्या मागे, वहाळाचा एकसंध, भरलेला आवाज. तो चालू होता. मी त्याच्यावर कान ठेवून बसले, तंबोऱ्यावर ठेवावा तसा. भीती गेली नव्हती. पण कुणासाठी तरी जागं राहायचं म्हटल्यावर तिच्यातला गारठा कमी झाला होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की त्या वाडीत तानूआत्या इतकी वर्षं रोज हेच करत आली होती.

“ही बाय फुडं जातच नाय,” कानावर हेडफोन असलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्याने म्हणाली. “एकाच जाग्यावं घिरट्या घालते.” मग मान कलती केली. “बरी हाय पन. घाई नाय तिला.”

पावसाचा जोर वाढला, पुन्हा उतरला. ती हलली नाही. मिटल्या पापण्यांवर दारातला करडा उजेड पडला होता, आणि तिचा सुरकुतलेला हात गुडघ्यावर, ठेका नसलेल्या त्या आलापाला, आपल्याच कसल्यातरी लयीने थोपटत होता. मी तिच्या पाठीमागून आत निघाले आणि चालता चालता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारावं इतक्या हळू, विचारलं, “आत्या, चहा ठेवू का?”

“ठेव,” डोळे न उघडता ती म्हणाली. “साखर बेतानं घाल.”